ग्रुप प्रोजेक्टने टीम तयार होत नाही, टीमवर्क शिकवावं लागतं



जीएसटी, कर्ज किंवा मार्केटिंगवर व्हिडिओ टाकला की तुमच्याकडून प्रश्न येतात. माणसं ठेवण्यावर टाकला की तक्रारी येतात. "सर, मुलं टिकत नाहीत." "सांगितलं तेवढंच करतात." "पार्टनर चांगला आहे हो, पण आमचं जमतच नाही." आणि मग ठरलेलं वाक्य येतं: "टीमवर्क माणसाच्या रक्तातच असावं लागतं."

हे शेवटचं वाक्य मला मान्य नाही. टीमवर्क रक्तात नसतं. ते शिलाई किंवा वेल्डिंगसारखं शिकवावं लागतं, आणि नुसतं सांगून नाही, तर करून घेऊन. आपल्याकडे कॉलेज ते शिकवत नाही आणि धंद्यात आल्यावर मालकही शिकवत नाही. मग दोघं मिळून पोरांना नावं ठेवतात.

आज मी ज्या विषयाचं उदाहरण देणार आहे, त्याचं नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं नसेल. ह्युमन फॅक्टर्स आणि एर्गोनॉमिक्स. सोप्या भाषेत सांगायचं तर माणसाच्या शरीराला आणि डोक्याला झेपेल असं काम, यंत्र आणि जागा कशी आखायची याचं शास्त्र. ओट्याची उंची किती हवी, शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईची पाठ का भरून येते, चार बर्नरच्या शेगडीचं कुठलं बटण कुठल्या बर्नरचं हे पटकन का कळत नाही. या शेगडीवर १९५९ साली अमेरिकेत रीतसर प्रयोग झालेला आहे, थट्टा नाही! आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत १९६९ साली सुरू झालेल्या आयडीसीमध्ये डिझाइनच्या विद्यार्थ्यांना एर्गोनॉमिक्स शिकवतात.

या शास्त्राची एक खोड मला फार आवडते. चूक झाली की ते आधी माणसाकडे बोट दाखवत नाही, कामाच्या मांडणीकडे बघतं. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ जातीच्या विमानांचे वैमानिक जमिनीवर उतरल्यावर पंखांचे फ्लॅप्स आत घ्यायच्या ऐवजी चाकंच आत घ्यायचे आणि विमान पोटावर बसायचं. सगळे म्हणायचे, वैमानिकाची चूक. अल्फॉन्स चापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने बघितलं तर दोन्ही बटणं शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखीच. त्याने चाकांच्या बटणाला चाकाचा आकार दिला आणि फ्लॅपच्या बटणाला पाचरीचा. अंधारातही हाताला फरक कळायला लागला. वैमानिक तेच राहिले, बटणं बदलली.

हीच नजर या विषयाने पुढे टीमकडे वळवली. टीम बिघडली तर "पोरं आळशी" म्हणण्याआधी बघायचं की त्यांच्यातलं बोलणं कसं आखलंय. कोण कुणाला, कधी, कुठल्या शब्दांत सांगणार? सांगितलेलं पोचलं हे कळणार कसं? चूक दिसली तर ती सांगायला जागा आहे का?

विमानातून आलेला धडा

या विषयाच्या वर्गात एक गोष्ट हमखास सांगतात. २८ डिसेंबर १९७८. युनायटेड एअरलाइन्सचं १७३ नंबरचं विमान अमेरिकेतल्या पोर्टलंडला उतरत होतं. चाकं बाहेर आली की नाही याचा दिवा नीट लागेना. कॅप्टनने विमान शहराभोवती फिरवत ठेवलं, दिव्याचा शोध घेतला, प्रवाशांना आणीबाणीसाठी तयार करायला सांगितलं. हे सगळं जवळजवळ तासभर चाललं. कॉकपिटमधल्या बाकी दोघांना इंधन संपत आल्याचं दिसत होतं. ते इंधनाचे आकडे सांगत होते. पण "आत्ताच्या आत्ता उतरा, नाहीतर आपण पडणार" असं ठामपणे कुणी म्हटलं नाही. इंधन संपलं, विमान पडलं, १८९ पैकी १० माणसं गेली. आणि चाकं? ती बाहेर आलेलीच होती.

त्याच्या आदल्याच वर्षी, २७ मार्च १९७७ ला, तेनेरिफे बेटावर धुक्यात दोन जंबो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळली होती. ५८३ माणसं मेली. तिथेही एका विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं की समोरचं विमान धावपट्टीवरून अजून बाजूला झालेलं नाही का? कॅप्टनने ठासून सांगितलं, झालंय. तो कॅप्टन त्या कंपनीचा नावाजलेला प्रशिक्षक होता. अशा माणसाला दुसऱ्यांदा कोण विचारणार?

विचार करा, ही सगळी कसलेली माणसं. कौशल्य होतं, अनुभव होता, यंत्रं चांगली होती. टीम म्हणून बोलणं जमलं नाही. १९७९ मध्ये नासाने यावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ पासून युनायटेडने आपल्या वैमानिकांना रीतसर शिकवायला सुरुवात केली. कॅप्टनने विचारायचं कसं आणि ऐकायचं कसं. हाताखालच्याने ठामपणे, पण उद्धट न होता सांगायचं कसं. याला पुढे क्रू रिसोर्स मॅनेजमेंट असं नाव पडलं. १९८९ मध्ये त्याच कंपनीच्या एका विमानाची सगळी हायड्रॉलिक यंत्रणाच गेली, सुकाणू हाती राहिलं नाही. कॅप्टन अल हेन्स यांनी सगळ्यांना कामाला लावलं. प्रवासी म्हणून बसलेला कंपनीचा एक प्रशिक्षक वैमानिक पुढे आला, तर त्यालाही इंजिनांचे दांडे सांभाळायला दिले. २९६ पैकी १८४ जण वाचले. हेन्स नंतर आयुष्यभर या प्रशिक्षणाचं श्रेय सांगत राहिले.

आता तुम्ही म्हणाल, सर, आमचा पापड-मसाल्याचा धंदा, आम्हाला विमानाचं काय घेऊन बसलात?

माझ्या बॅचमधल्या एका ताईंचं केटरिंग आहे. त्या स्वतः आणि तीन मदतनीस. एका कार्यक्रमाची ऑर्डर होती, त्यातली ४० ताटं जैन, म्हणजे कांदा-लसूण-बटाटा नाही. भाजीच्या पातेल्यात कांदा पडताना एका मदतनीस बाईने पाहिला. तिला जैन ताटांचं माहीत होतं. पण ताई फोनवर होत्या, आवाज चढलेला होता. ती एवढंच म्हणाली, "ताई, ते जैनवालं वेगळं आहे ना?" ताईंनी मान हलवली. कशाला हलवली ते ताईंनाही आठवत नाही. पुढचं तुम्हाला समजलंच असेल. ४० ताटं परत आली, पैसे कापले गेले, आणि त्या सोसायटीची पुढची ऑर्डर दुसऱ्याला गेली. ताई मला विचारत होत्या, बाईला काढून टाकू का? मी म्हटलं, पोर्टलंडला हेच झालं. तिने सांगितलं, पण अर्धं सांगितलं. कारण पूर्ण सांगायला तुमच्याकडे जागाच नव्हती.

आपल्याकडे तर हे जास्तच. नोकर मालकाला "चुकतंय" म्हणत नाही. तो म्हणतो, "दादा, एक बोलू का?", "बघा म्हणजे, तुम्ही म्हणाल तसं", "मला आपलं वाटलं". हे आदराचे शब्द आहेत, मला त्यांचा राग नाही. पण याच शब्दांच्या आड तुमचा तोटा लपलेला असतो. मालक जर सख्खा काका असेल किंवा मोठा भाऊ असेल, मग तर विचारूच नका.

वर्गात काय होतं आणि काय व्हायला हवं

इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमांसाठी नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशनने विद्यार्थ्यात कोणते गुण यायला हवेत याची १२ कलमांची यादी वर्षानुवर्षं वापरली. त्यात नववं कलम आहे, एकट्याने आणि टीममध्ये काम करणं. म्हणजे कागदावर टीमवर्क आहे. प्रत्यक्षात काय असतं? शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. चौघांचा ग्रुप. एक जण प्रोजेक्ट करतो, दुसरा पीपीटी बनवतो, तिसरा स्पायरल बाइंडिंग करून आणतो आणि चौथा चहा पाजतो. मार्क सगळ्यांना सारखे. चार वर्षांत पोरगा एवढंच शिकतो की काम करणारा मूर्ख असतो आणि चौथ्याचं कधीच काही अडत नाही. मग तो चौथा तुमच्याकडे मुलाखतीला येतो आणि म्हणतो, "आय अ‍ॅम अ टीम प्लेयर."

यात त्या पोराचा दोष कमी, मांडणीचा जास्त. मॅक्सिमिलियन रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून मोजलं होतं, ते १९१३ मध्ये छापून आलं. माणसं वाढली की प्रत्येकाची ओढ कमी होत गेली. आठ जण मिळून चार जणांच्या पूर्ण ताकदीइतकंही ओढत नव्हते. थोडं कारण ताळमेळाचं, थोडं ढिलाईचं. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेत टाळ्या आणि आरडाओरडा मोजून तेच दिसलं. आणि नंतरच्या प्रयोगांत असंही दिसलं की प्रत्येकाचा वाटा वेगळा ओळखता येतो हे माणसांना कळलं की ढिलाई जाते. आपण भाषणात "गाव करी ते राव न करी" म्हणतो. खरं आहे. पण गावजेवणानंतर पत्रावळ्या उचलायला कोण, हे आधी ठरलेलं नसेल तर गाव पान-सुपारी खात बसतं.

म्हणून ह्युमन फॅक्टर्सचे चांगले शिक्षक ग्रुप पाडून सोडून देत नाहीत. या विषयात तर ते परवडतच नाही. कारण कारखान्यातली एक बसायची जागा सुधारायची तरी शरीरशास्त्र कळणारा लागतो, यंत्र कळणारा लागतो, माणसाचं मन कळणारा लागतो आणि चित्र काढणारा लागतो. यातला कुणीच एकटा ते काम करू शकत नाही.

ते काय करतात? पहिल्यांदा कागद लिहून घेतात. ग्रुप ठरला की काम सुरू करायच्या आधी सगळ्यांनी बसून एक करार लिहायचा. भेटायचं कधी, उशीर झाला तर काय, कोण कशाला जबाबदार, मत फुटलं तर शेवटचा शब्द कुणाचा, एखादा काम करत नसेल तर त्याला आधी कोण आणि कसं सांगणार. मित्रामित्रांत हे लिहायला लाज वाटते. "आपल्यात काय कागद!" हे वाक्य मी धंद्यातही ऐकतो, आणि जे हे म्हणतात तेच दोन वर्षांनी वकिलाचा नंबर मागतात. मित्राबरोबर धंदा जरूर करा, मी त्याच्या विरोधात नाही. पण हे एक पान लिहा. भागीदारीचा रजिस्टर केलेला करार वेगळा. हे पान रोजच्या वागण्याचं आहे.

दुसरं, निरोप परत म्हणून घेणं. एकाने सांगायचं, दुसऱ्याने तेच परत बोलायचं, पहिल्याने "बरोबर" म्हणायचं. तिन्ही टप्पे झाले तरच निरोप पोचला. हे तुम्ही रोज बघता. चांगल्या हॉटेलातला वेटर "दोन मिसळ, एक कमी तिखट, चार पाव जादा, एक ताक" असं तुम्हालाच परत ऐकवतो आणि तुम्ही मान डोलवल्याशिवाय हलत नाही. त्याला कुणी विद्यापीठात शिकवलं नाही, पण त्याचं बरोबर आहे. तुमच्या वर्कशॉपमध्ये मात्र तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर टाकता, दोन निळ्या टिक येतात आणि तुम्ही निर्धास्त होता. निळी टिक म्हणजे बघितलं. कळलं असं नाही.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, थांबवायचे शब्द शिकवणं. अमेरिकेत दवाखान्यातल्या टीमसाठी २००६ मध्ये टीमस्टेप्स नावाचा अभ्यासक्रम आला. त्यात डॉक्टर-नर्सना चढत्या क्रमाने तीन वाक्यं शिकवतात. मराठीत सांगायचं तर आधी "मला काळजी वाटतेय", मग "हे मला बरोबर वाटत नाहीये", आणि तरीही ऐकलं नाही तर "थांबा, यात धोका आहे." याची तालीम करून घेतात. नवशिका चूक दाखवतो, मोठ्याचं काम करणारा मुद्दाम खेकसतो, नवशिक्याने पुन्हा सांगायचं. केटरिंगवाल्या ताईंना मी हेच करायला लावलं. पहिल्या दिवशी बायका हसून लोळल्या. "ताई, थांबा" हे दोन शब्द म्हणायला त्यातल्या एकीला चार वेळा लागले. हसू द्या. पण खऱ्या स्वयंपाकाच्या वेळी तोंडातून तेच शब्द यायला हवेत, म्हणून आधी खोटं-खोटं म्हणून घ्यायचं.

आपल्याच मातीचा धागा सांगतो. डॉ. अतुल गावंडे, ज्यांचं घराणं मूळचं आपल्या विदर्भातलं, त्यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने ऑपरेशनसाठी एक छोटी यादी तयार केली. त्यात एक मुद्दा असा आहे की चिरा देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. बस. वाचताना पोरखेळ वाटतो. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून बघितली. २००९ मध्ये निकाल छापून आला. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं होतं. अर्थात यादीत बाकीचेही मुद्दे होते, सगळं श्रेय नाव सांगण्याला देता येत नाही. पण ज्याने एकदा तोंड उघडलं तो गरज पडली तर पुन्हा उघडतो, हा त्यामागचा विचार मला पटतो. तुमच्या प्रदर्शनाच्या स्टॉलवर सकाळी शटर उघडण्याआधी हे करायला दोन मिनिटं लागतात.

मार्कांचं राहिलं. सारखे मार्क देणं हा प्रामाणिक पोरावर अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातून कॅटमी नावाची एक पद्धत चालते. त्यात विद्यार्थी एकमेकांना आणि स्वतःलाही गुण देतात. तुम्ही म्हणाल, आपल्याकडे हे "तू मला दे, मी तुला देतो" होईल. होईल ना, जर "तो कसा आहे?" एवढंच विचारलं तर. तिथे वागणूक विचारतात. वेळेवर आला का, अडलेल्याला मदत केली का, दिलेलं काम पुरं केलं का. आणि कुणी काय दिलं ते उघड करत नाहीत. तुम्हाला सॉफ्टवेअरची गरज नाही, पण दिवाळी बोनस ठरवताना "पोरगा गुणी आहे" यापेक्षा हे तीन प्रश्न बरे.

खेळांबद्दल एक कडवट गोष्ट

आम्ही ट्रेनर लोक टीम बिल्डिंगचे खेळ घेतो. स्पॅगेटीच्या काड्यांचा मनोरा, डोळे बांधून चालणं, चंद्रावर अडकलात तर १५ वस्तूंतलं काय आधी घ्याल. मजा येते, फोटो छान येतात, फी पण मिळते. माझ्याच पोटावर पाय देऊन सांगतो, खेळ संपल्यावर बसून चर्चा केली नाही तर त्यातून शिकायला फारसं काही मिळत नाही. ती सहल होते. शिकणं घडतं ते नंतरच्या बोलण्यात. काय ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय बदलायचं. अमेरिकन सैन्यात ही सवय मुरलेली आहे. या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब २०१३ मध्ये मांडला गेला, त्यात अशा बैठकांमुळे कामगिरी सरासरी २५ टक्क्यांनी सुधारलेली दिसली. एवढा परतावा देणारी दुसरी कुठलीच गोष्ट माझ्या माहितीत फुकट मिळत नाही.

वर्गात आणि धंद्यात एक फरक मात्र आहे आणि तो लपवून चालणार नाही. विद्यार्थ्याला खरं बोलल्यावर फार तर मार्क कमी पडतील. तुमच्या माणसाचा पगार तुमच्या हातात आहे. म्हणून तो वर्गातल्या पोरासारखा पटकन बोलणार नाही. त्याची खात्री पटायला वेळ लागेल, आणि पहिल्यांदा तो बोलला तेव्हा तुमचा चेहरा कसा झाला यावर पुढचं सगळं ठरेल.

तर या शनिवारी काम संपल्यावर दहा मिनिटं बसा. चहा मागवा. तीनच प्रश्न: या आठवड्यात काय नीट झालं, काय अडलं, पुढच्या आठवड्यात कुठली एक गोष्ट वेगळी करायची. सगळ्यात नवीन माणसाने आधी बोलायचं, तुम्ही सगळ्यात शेवटी. मध्ये "पण" म्हणून तोडायचं नाही. जे ठरेल ते भिंतीवर लावा आणि पुढच्या शनिवारी तिथूनच सुरुवात करा.

पहिल्या शनिवारी बहुतेक "सगळं बरं आहे, दादा" असंच उत्तर येईल. दुसऱ्या शनिवारीही कदाचित तेच. तरी बसा. तिसऱ्या-चौथ्या शनिवारी कुणी काय बोललं ते खाली कमेंटमध्ये कळवा. नाव-गाव नका लिहू, नुसती गोष्ट लिहा. त्यातल्या काही घेऊन पुढच्या महिन्यात एक व्हिडिओ करतो.